अपघाताचे छायाचित्र कोणाचे?

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या वसई तालुक्यातून जातो. वसई फाटा, विरार फाटा, पुढे मनोर, चारोटी ही नावे आपण अपघाताच्या बातम्यांत वारंवार वाचतो. पूर्वी अपघात झाला की बघ्यांची गर्दी जमे व थोड्या वेळाने पांगे. आज प्रत्येक बघ्याच्या हाती कॅमेरा आहे. त्यामुळे ती गर्दी पांगतच नाही, मोबाइलमधून ती माणिकपूरच्या घराघरांत शिरते. जखमी वा मृत माणसाचे छायाचित्र काढून पुढे पाठवणे नीतीला धरून आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्याच पालघर जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. पुढच्या आसनांवरील दोघे जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर मिस्त्री यांच्या मृतदेहाची छायाचित्रे मोबाइलवर फिरली. ज्यांनी ती पाठवली त्यांपैकी बहुतेकांचा मृताशी वा त्याच्या कुटुंबाशी काहीही संबंध नव्हता.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की अशी चित्रे पाहून लोक सावध होतात. हे कितपत खरे आहे? या अपघातातून देशाने जो धडा घेतला तो मागच्या आसनावरील पट्ट्याचा होता. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, हे तपासात पुढे आले आणि त्याची देशभर चर्चा झाली. ही गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. तिच्यासाठी कोणाचा मृतदेह दाखवावा लागत नाही. उलट मृतदेहाच्या चित्रात पट्टा, वेग, रस्त्याची रचना यांपैकी काहीच दिसत नाही. दिसते ते फक्त एका माणसाचे असहाय शरीर.

मी बँकेत कारकून आहे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यात ग्राहकाच्या व्यवहारांची गुप्तता पाळण्याचे बंधन आहे. खातेदार वारला म्हणून त्याच्या खात्यातील शिल्लक आम्ही काउंटरवर आलेल्या कोणालाही सांगत नाही. वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती कोण, हे कागदपत्रांवरून पाहिले जाते. ज्याच्या दोन-चार हजार रुपयांचा आकडा आपण एवढा जपतो, त्याच्या शेवटच्या क्षणाचा चेहरा मात्र शंभर जणांना वाटून टाकतो! पंचशीलातील दुसरे शील केवळ चोरीपुरते नाही. जे दिलेले नाही ते न घेणे, असा त्याचा अर्थ आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाने आपले छायाचित्र आपल्याला दिलेले नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परमानंद कटारा खटल्यात मृत शरीरालाही सन्मानाचा हक्क असल्याचे मानले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००६ साली एक १८ वर्षांची मुलगी मोटार अपघातात गेली. महामार्ग पोलिसांच्याच कर्मचाऱ्यांनी घटनास्थळाची छायाचित्रे बाहेर पाठवली. पुढे अनोळखी लोकांनी ती टिंगलीच्या मजकुरासह तिच्या वडिलांना ई-मेलने पाठवली. २०१० मध्ये तेथील अपील न्यायालयाने कुटुंबाला याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला.

मग मृताचे छायाचित्र कधीच दाखवू नये काय? तसे म्हणता येणार नाही. १९५५ साली अमेरिकेत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी निर्घृण हत्या केली. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला व छायाचित्रे छापू दिली. त्या चित्रांनी नागरी हक्कांच्या चळवळीला बळ दिले. येथे निर्णय आईचा होता आणि हेतू न्यायाचा होता. आपल्याकडे फिरणाऱ्या अपघातचित्रांत बहुधा या दोहोंपैकी एकही गोष्ट नसते. अनेकदा तर घरच्यांना बातमी कळण्याआधीच ते चित्र त्यांच्या हाती पडते. मुलगा गेला हे आईला कोणी जवळ बसून सांगावयाचे असते. ते तिला गटावर आलेल्या चित्रातून कळावे, याहून क्रूर गोष्ट कोणती?

विद्यार्थी मित्रांनी व सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. अपघात दिसताच प्रथम १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा.

२. पोलिसांच्या नोंदीसाठी वा विम्याच्या दाव्यासाठी वाहनांची स्थिती, क्रमांक व रस्ता यांचे छायाचित्र उपयोगी पडते. ते पोलिसांना किंवा संबंधित कुटुंबालाच द्यावे.

३. जखमीची ओळख पटवावयाची असल्यास वाहनाचा क्रमांक आणि जखमीला कोठे नेले ही माहिती पोलिसांना कळवावी. गटावर चेहरा टाकू नये.

४. आलेले चित्र पुढे पाठवू नये. ते काढून टाकावे, आणि पाठवणाऱ्याला चारचौघांत न दुखावता तसे सांगावे.

५. मदत करण्यास भिऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-क आले. सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्यामुळे दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

करुणा म्हणजे केवळ हळहळणे नव्हे. रस्त्यावर पडलेल्या माणसाला आपले दोन हात हवे असतात. त्यांतील एका हातात मोबाइल असेल तर त्यावरून रुग्णवाहिकेला फोन जावा, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या अंगावर एखादे वस्त्र टाकावे.