किनाऱ्यावरची खिडकी का अडते?

पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत बसेनासे होते, हे तुम्ही पाहिले असेल. लाकडाच्या तंतूंत बाष्प शिरते आणि फळी रुंदीत वाढते. अ‍ॅल्युमिनियम बाष्प शोषत नाही. म्हणून रत्नागिरीच्या आमच्या घरात आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. तरीही चार वर्षांनी, जूनच्या पहिल्याच वादळी पावसात एक खिडकी अर्ध्यावर अडली. मी जोर लावला, तसे खालचे चाक मोडले आणि टेबलावर ठेवलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या भिजल्या. न फुगणारी खिडकी अडली कशी?

खिडकी उतरवून पाहिली. ज्या पन्हळीत चाके फिरतात तीत ओला, चिकट गाळ होता. चाकाचा लोखंडी आस गंजला होता. स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली होती. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे, तो म्हणजे मीठ.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटतात तेव्हा सूक्ष्म तुषार उडतात, ते वाऱ्याबरोबर घरापर्यंत येतात आणि पन्हळीत क्षार साठतात. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून घेते व त्यातच विरघळते. समुद्राच्या क्षारांत असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांहून अधिक असते. म्हणजे पाऊस थांबला तरी खारट पन्हळ वाळत नाही.

हा द्राव विजेचा वाहक असतो. त्यात लोखंड झपाट्याने गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते, म्हणून आस आपल्या छिद्रातच घट्ट बसतो. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ संरक्षक थर असतो. क्लोराइड आयन तो ठिकठिकाणी फोडतात. तेथे लोखंड किंवा पितळ टेकलेले असेल, तर दोन धातू आणि खारा द्राव मिळून एक छोटा विद्युतघटच तयार होतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देते व झिजते. पांढरी भुकटी ही त्याचीच खूण.

आता उपाय पाहू. खिडकी अडली की आपण तेल सोडतो. पण मीठ तेलात विरघळत नाही, उलट धूळ मात्र तेलाला चिकटते. मीठ विरघळते गोड्या पाण्यात. म्हणून महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशाने पन्हळ झाडावी, गोड्या पाण्याने धुवावी, पाणी बाहेर जाण्याची भोके मोकळी करावीत आणि फडक्याने पुसून घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमवर आम्ल किंवा कॉस्टिक सोडा वापरू नये. दोन्हींची त्याच्याशी रासायनिक क्रिया होते. स्क्रू बदलताना स्टेनलेस स्टीलचा घ्यावा व खाली नायलॉनची चकती घालावी, म्हणजे दोन धातू एकमेकांना कमी टेकतात.

येथे एक गंमत ध्यानात येईल. जेथे पावसाची झड थेट लागते त्या भागावरचे मीठ धुऊन जाते. वळचणीखाली, जेथे पाऊस पोचत नाही, तेथेच मीठ साठून राहते. म्हणून आडोशाची खिडकी सुरक्षित समजू नका. ती आधी धुवा.

हे स्वतः पडताळून पाहा. लोखंडाचे तीन खिळे पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करा. पहिला गोड्या पाण्यात आणि दुसरा मिठाच्या पाण्यात बुडवा. तिसरा मिठाच्या पाण्यात बुडवून लगेच गोड्या पाण्याने नीट धुवा. तिन्ही दोऱ्याने सावलीत टांगा आणि आठवडाभर रोज निरीक्षण लिहा. तिसरा खिळा पहिल्यासारखा दिसेल की दुसऱ्यासारखा? आपला अंदाज मात्र प्रयोगापूर्वीच वहीत लिहून ठेवा.