कशावर दळलं?

पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं आठ-नऊच्या वर सरकायला तयार नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, खजूर झाला, गूळ-शेंगदाणे झाले, बिटाच्या कोशिंबिरी झाल्या. सारखं तोंड आलेलं असायचं. संध्याकाळी पोट टम्म व्हायचं आणि शेवटच्या तासाला फळ्यासमोर उभं राहवायचं नाही. “बायकांना असायचंच हे” असं घरात ऐकलं, तसंच दवाखान्यातही ऐकलं. अखेर पोटाच्या एका डॉक्टरांनी प्रश्न उलटा करून विचारला: लोह पोटात जातंय, तर अंगात का उतरत नाही?

उत्तर सिलिअ‍ॅक निघालं. बाईंनी हा शब्द तोवर ऐकलाही नव्हता.

हा आजार म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिनं असतात. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लूटेन गेलं की त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजत जातात आणि अस्तर सपाट होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, पण कुणाला उलट बद्धकोष्ठ होतं. कुणाचं हाड ठिसूळ होतं, कुणाचा गर्भ टिकत नाही, एखाद्या मुलाची उंची अडून राहते. बाईंना जुलाब कधीच झाले नाहीत, त्यामुळे पोटाकडे लक्ष जायलाच उशीर झाला. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर सिलिअ‍ॅकची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारावं. बाईंचा पहिला सल्ला हाच असतो.

तपासणी साधी आहे. रक्तात टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडं बघतात, सोबत एकूण आयजीएही बघतात, कारण ते मुळातच कमी असलं तर पहिला आकडा फसवा निघतो. मोठ्या माणसांत सहसा दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीचे बारीक तुकडे काढून खात्री करतात. पण यात एक मेख आहे, आणि ती बाईंच्याच शाळेतल्या एका शिक्षिकेला नडली. मोबाइलवर कुठेतरी वाचून तिने आधीच पोळी सोडली, बरंही वाटायला लागलं, आणि मग ती तपासायला गेली. अहवाल कोरा. गहू बंद असला की रक्तातला पुरावाही हळूहळू पुसला जातो. आता तिला डॉक्टर सांगतात, दीड महिना रोज गहू खा आणि पुन्हा या. ज्या पोळीने त्रास होतो तीच औषधासारखी दोन्ही वेळा खायची, ही शिक्षा टाळता आली असती. आधी तपासणी, मग पथ्य. हा क्रम उलटवू नये.

गव्हावर संशय जायला वैद्यकशास्त्रालाही बराच वेळ लागला. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरने १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन लिहिलं. रोगी बरा झालाच तर आहारानेच होईल, हेही त्याने सांगितलं, पण कोणत्या आहाराने ते त्याला सापडलं नाही. ते सापडलं नेदरलँड्समधल्या विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञाला. १९३० च्या दशकापासूनच त्याला गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीला, त्या देशात अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. माणसं उपासमारीने मरत होती आणि सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिकेने १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे सगळं मांडलं. तेव्हापासून आजवर उपचार तोच राहिला आहे: ग्लूटेन आयुष्यभर बंद.

आपल्याकडे हा आजार गोऱ्यांचा समजला जाई. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीने तो समज पार मोडला. तेवीस हजारांवर प्रौढांच्या त्या पाहणीत सिलिअ‍ॅकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती, साधारण दर तीन माणसांत एकाकडे. फरक होता तो ताटात. उत्तरेत दिवसाचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. नुसत्या जनुकांनी कुणाला आजार होत नाही, ती असलेल्यांपैकी थोड्यांनाच होतो, पण ग्लूटेनशिवाय तो होतच नाही. महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधोमध बसलेला. देशावर ज्वारी-बाजरी, कोकणात तांदूळ, आणि आता सगळीकडेच डब्यात पोळी-भाजी. बाईंचं माहेर साताऱ्याकडचं. लहानपणी घरात रोज भाकरी आणि पोळी सणाला. लग्न होऊन पुण्यात आल्यावर हे गणित फिरलं. आजार त्यामुळेच उफाळला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण बाईंना तसं वाटतं खरं.

पोळी बंद झाली. पाव, बिस्किटं, शेवया, रवा, मैदा, सगळं बंद. (“मैदा कुठे गहू असतो?” हा प्रश्न त्यांना सुशिक्षित माणसांनीही विचारलाय.) पोट उतरलं, तोंड येणं कमी झालं. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर टीटीजी जेमतेम खाली आलेलं. डॉक्टर म्हणाले, “कुठून तरी जातंय.” बाई चिडल्या. त्या तर भाकरीच खात होत्या.

तेच तर. भाकरी.

पिठाच्या गिरणीत उभं राहून बघण्यासारखं असतं. गिऱ्हाईक डबा ठेवतं आणि सांगतं, “ज्वारीवर टाका.” म्हणजे आधीचं दळण ज्वारीचं असेल त्याच्यामागे आमचं टाका. बाजरीवर गहू दळला तर पोळ्या काळपट होतात, म्हणून गव्हासाठी बायका हटकून विचारतात, “कशावर दळलं?” भाकरीसाठी हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण ज्वारीत मूठभर कणीक आली तर भाकरी बिघडत नाही, उलट जरा बरी थापली जाते. बाईंनी एका संध्याकाळी गिरणीत थांबून सगळं नीट पाहिलं. गव्हाची आणि ज्वारीची जाती वेगळी होती. पण ज्वारीच्या जात्यावर मघाशीच कुणाची तरी भाजणी झाली होती, आणि तिच्यात गहू होता. पीठ खाली उतरतं त्या तोंडाला बांधलेलं कापड दोन्हीकडे सारखंच पांढरं झालेलं. गिरणीवाल्याने झाडणीने जात्याचा कठडा झाडला आणि तो भुगा सरळ पुढच्या डब्यात लोटला, कुणाचं चिमूटभरही वाया जाऊ नये म्हणून. त्याच्या प्रामाणिकपणाला तोड नाही. बाईंच्या आतड्याला मात्र तोच भोवत होता.

“एवढ्याशानं काय होतंय?” सासूबाई म्हणाल्या. बाई गणिताच्या. त्यांनी वहीच काढली. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, त्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन. इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पथ्यावर असलेल्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेव्हा तीन महिन्यांत आतड्यावर परिणाम दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा भाग, पोळपाटावर उरते तेवढी पिठी. हा हिशेब मांडल्यावर सासूबाई गप्प झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “मग हिंगाचं काय गं?”

हिंगाचा विषय त्यांच्या तोंडून निघाला, कारण त्या डबी हातात घेऊन बसल्या होत्या. आपण वापरतो तो बांधानी हिंग. शुद्ध हिंगाचा चीक इतका उग्र असतो की त्यात खायचा डिंक आणि कसलं तरी पीठ मिसळूनच तो विकतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं, पण हिंगाच्या डबीवरचं कधी कुणी वाचतं का? वरणाला हिंग, भाजीला हिंग, ताकाला हिंग, लोणच्याला हिंग, पापडाला हिंग. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही बाजारात मिळतो, फक्त मागून आणि वाचून घ्यावा लागतो.

गिरणीवर उपाय म्हणून घरघंटी आली. तिच्यात गव्हाचा एक दाणाही जात नाही, घरच्यांची कणीक बाहेरून दळून येते. ज्यांना घरघंटी परवडत नाही त्यांनी गिरणीवाल्याला विश्वासात घ्यावं. सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी जातं झाडून घ्यायला सांगावं आणि आपले दोन किलो तांदूळ आधी दळून ते पीठ घरच्या इतरांसाठी ठेवावं. हा दुय्यम उपाय आहे, गिरणीत हवेतही कणीक उडत असते. धान्य निवडतानाही ताट जवळ ओढून बघावं, ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात.

घरात सगळं दुप्पट करायची गरज नाही. पोळपाट-लाटणं वेगळं हवं, लाकडाच्या चिरांत पीठ बसतं. चाळणी वेगळी हवी, कारण ती कितीही धुतली तरी जाळीत काहीतरी राहतंच. तवा वेगळा असला तर उत्तम. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. आधी भाकरी, मग पोळी, हा क्रम ठेवला तर निम्मं काम होतं. तुपाच्या भांड्यात पोळीचा तुकडा बुडवायची सवय मात्र सगळ्या घरानेच सोडावी. आणि हाताला कणीक लागली म्हणून काही होत नाही. बाई आजही मुलांसाठी पोळ्या लाटतात, नंतर हात स्वच्छ धुतात. ग्लूटेन कातडीतून आत जात नाही, तोंडातूनच जातं.

खरी फसगत होते ती जुन्या, घरच्या, “पौष्टिक” पदार्थांत. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू पडतो. मेतकुटात मूठभर असतो. सातूचं पीठ आपल्याकडे गहू आणि डाळं भाजूनच करतात. कुरडई गव्हाच्या चिकाची. प्रसादाचा शिरा रव्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं! तळणीचे मोदक नकोत, उकडीचे चालतात. भेळेतले कुरमुरे चालतात, पुरी नको. बाजारच्या माल्टच्या पेयांत जव असतो, कॉर्नफ्लेक्समध्येही बऱ्याचदा त्याचाच अर्क असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्स जात्याच निराळे, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हात मिसळलेले, म्हणून खात्रीच्या पाकिटाशिवाय नकोत. आणि खपली. खपली गहू पचायला हलका, मधुमेहाला बरा, जुन्या वाणाचा म्हणून सिलिअ‍ॅकलाही चालतो, असं विकणारे बिनदिक्कत सांगतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. ही एक चूक लोक अगदी श्रद्धेने करतात.

पाकिटावर “ग्लूटेन फ्री” लिहायला आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन हा निकष आहे. तसं लिहिलेली बिस्किटं महाग असतात आणि त्यांत साखर नि स्टार्च सढळ, तंतू कमी. खिसा आणि तब्येत दोन्ही सांभाळायचं तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी हेच बरं. घावन, आंबोळी, पोहे, झुणका. बाई म्हणतात, मराठी घरात जन्मल्यामुळे अर्धा आजार सोपा झाला. एकादशीला तर त्या कुणाच्याही घरी निर्धास्त जेवतात. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाण्याची आमटी, आणि फोडणीत हिंग नाही. हॉटेलातला साबुदाणा वडा मात्र नको, तो समोशाच्याच तेलात तळलेला असू शकतो.

अडचण फक्त हिंदूंच्या प्रसादाची नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती रुग्णांपुढे मिस्सेतल्या भाकरीचा प्रश्न असतो. ती गव्हाचीच लागते. २०१७ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केलं की ग्लूटेन पूर्ण काढलेली चालणार नाही, अगदी कमी असलेली चालेल. तेवढंही नको असलेल्याला नुसत्या वाइनची मुभा मिळू शकते. पाद्रींशी आधी बोलून ठेवलं की ऐन वेळी कुचंबणा होत नाही.

रुग्णाचे आई-वडील, भावंडं आणि मुलं यांची रक्ततपासणी करावी, त्रास नसला तरी. बाईंचा भाऊ हसला होता. त्याच्या मुलीची उंची वर्गात मागे पडत होती, आणि घरात सगळे “आईवर गेलीये” म्हणत होते. तिचंही टीटीजी वाढलेलं निघालं. पथ्यावर गेल्यावर ती वाढायला लागली. मुलांमध्ये वेळेत कळलं तर राहिलेली उंची पुष्कळदा भरून निघते. मोठ्यांत आतडं सुधारायला एक-दोन वर्षंही लागतात, बरं वाटणं त्याच्या आधीच सुरू होतं. म्हणून बरं वाटलं की पथ्य सैल करायचं नसतं. वर्षाकाठी टीटीजी बघावं. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड डॉक्टर सांगतील तसं. हाडांची घनता एकदा तरी.

लग्नकार्यात बाई पंगतीत बसत नाहीत, आधी आचाऱ्याला गाठतात. लांबलचक आजारपण सांगत नाहीत, फक्त तीन गोष्टी मागतात: साधा भात, फोडणी पडण्याआधीचं वरण वाटीभर, आणि पुरीच्या झाऱ्याने न वाढलेली एखादी भाजी, तीही मसाल्यात हिंग कुठला ते विचारून. आचारी पुष्कळदा कुतूहलाने ऐकतात. एकदा एकाने जिलबीचं ताट पुढे केलं, बाईंनी मैदा म्हणून नको म्हटलं, तेव्हा त्याने श्रीखंडाचं पातेलं उघडलं. त्यात वेलदोडा, केशर, साखर, चक्का, एवढंच घातलंय असं त्याने स्वतःहून मोजून सांगितलं आणि मग कोरा डाव घेऊन वाढलं.