ज्येष्ठांसाठी वापरलेला लॅपटॉप : निवड आणि पारख

घरातील वडीलधाऱ्या माणसाला संगणक घ्यावयाचा झाला की ते काम बहुधा कॉलेजात शिकणाऱ्या नातवावर किंवा भाचीवर येऊन पडते. विद्यार्थी स्वतःच्या गरजेचे गणित मांडतो : वेग किती, साठवण किती, खेळ चालतील का. आजोबांना किंवा आत्याला यांपैकी फारच थोड्या गोष्टींचा उपयोग असतो; आणि ज्यांचा खरोखर उपयोग असतो त्यांच्याविषयी विक्रेता सहसा बोलत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, बेळगावातील शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आत्याबाई आहेत. खेड्यांतील बायकांकडून ऐकून उतरवून घेतलेल्या ओव्यांच्या आठ-दहा वह्या त्यांच्यापाशी आहेत. कागद पिवळा पडत चालला आहे आणि आपल्या हयातीत हे सारे नीट टंकित व्हावे, अशी त्यांची इच्छा आहे. मुलगा परगावी असतो, त्याच्याशी पडद्यावर पाहून बोलावे. बँकेचे खाते पाहावे. खर्चाची मर्यादा वीस हजार रुपये.

लॅपटॉप हवाच का, हा प्रश्न आधी विचारावा. नुसते बोलणे आणि पेन्शनसाठी हयातीचा दाखला एवढेच काम असेल तर चांगला फोन पुरतो. ‘जीवन प्रमाण’ ही दाखल्याची सोय 2014 साली सुरू झाली आणि आता फोनवर चेहरा दाखवूनही तो दाखला देता येतो. परंतु शेकडो ओव्या टंकित करणे, त्यांचा क्रम लावणे, पाठभेद शेजारी मांडून पाहणे हे फोनच्या पडद्यावर होणारे काम नव्हे.

आता यंत्राच्या वयाकडे वळू. जुन्या लॅपटॉपचे खरे वय त्याच्या रंगरूपावरून ठरत नाही, त्याच्या प्रोसेसरवरून ठरते. विंडोज 10 या प्रणालीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. काही काळाची वाढीव मुदत देण्यात आली खरी, पण ती तात्पुरती सोय होय. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने जी अट घातली तिच्यामुळे इंटेलच्या प्रोसेसरांत, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपाशी रेघ ओढली गेली. ही पिढी लॅपटॉपांत 2017 च्या उत्तरार्धात आली. ती ओळखणे सोपे आहे : ‘आय-फाइव्ह’नंतरच्या चार आकडी क्रमांकाचा पहिला आकडा पाहावा. 8250 म्हणजे आठवी पिढी, 7200 म्हणजे सातवी. क्रमांक पाच आकडी असेल, किंवा चार आकडी असून 1 ने सुरू होत असेल, तर पहिले दोन आकडे पाहावेत. एएमडीच्या प्रोसेसरांना हा नियम लागू नाही. तेथे मायक्रोसॉफ्टची यादीच पाहिली पाहिजे.

येथे एक फसगत संभवते. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावरही अटी चुकवून विंडोज 11 बसवता येते, आणि दुकानात ते व्यवस्थित चालतानाही दिसते. अशा यंत्राला सुरक्षेच्या सुधारणा मिळतच राहतील याची हमी मात्र मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावरून आत्याबाई बँकेचे खाते पाहणार, तेथे दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करणे मला रास्त वाटत नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट घालावे, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो चुकीचा नाही. त्यावर देवनागरी लेखनही उत्तम होते. पण ते बसवून देणारा भाचा उद्या नोकरीनिमित्त परगावी गेला, तर अडचण आल्यावर हाक कोणाला मारावयाची?

कंपन्या आपले लॅपटॉप काही वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात. तो माल दुरुस्त होऊन बाजारात येतो. घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रांपेक्षा ही यंत्रे दणकट असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि ती उघडून दुरुस्त करता येतात. लेनोवोचा थिंकपॅड टी-480, डेलचा लॅटिट्यूड 7490, एचपीचा एलिटबुक 840 जी-5 ही 2018 सालची अशी नावे होत. नावावर मात्र थांबू नये. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क प्रत्येक नगात स्वतः पाहावी. रॅम 8 जीबी असावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असलीच पाहिजे, कारण जुने यंत्र संथ वाटते ते पुष्कळदा डिस्कमुळे. 256 जीबीची जागा ओव्यांना पुरून उरेल.

पडद्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. चौदा इंचांच्या पडद्यावर 1366 गुणिले 768 बिंदू असले तर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. देवनागरीतील रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांना त्याचा फटका अधिक बसतो. म्हणून 1920 गुणिले 1080 बिंदूंचा पडदा पाहावा आणि अक्षरे बारीक वाटल्यास सेटिंगमध्ये प्रमाण 125 किंवा 150 टक्के करावे. पडदा चकचकीत नसावा. मोतीबिंदू असलेल्यांना प्रकाशाच्या चकाकीचा त्रास विशेष होतो. लॅपटॉप स्टँडवर उंच ठेवावा असे सर्रास सांगितले जाते. पण दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणारा माणूस चष्म्याच्या खालच्या भागातून वाचतो, आणि पडदा उंच असला की हनुवटी वर करून त्याची मान दुखू लागते. अशा माणसाला लॅपटॉपचा सखल पडदाच सोयीचा. म्हणून शक्य तर आत्याबाईंना चष्म्यासह दुकानात न्यावे आणि पडद्यावर मराठी मजकूर उघडून त्यांना एक पान वाचू द्यावे. ही परीक्षा कोणत्याही आकड्यापेक्षा भरवशाची आहे. टचपॅडवर बोट थरथरत असेल तर साधा माउस घ्यावा, आणि दोनदा कळ दाबण्याचा वेग सेटिंगमध्ये कमी करावा.

कीबोर्डाचा प्रश्न आपल्या भागात मोठा मौजेचा आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या 1991 सालच्या मानकात आलेली इन्स्क्रिप्ट मांडणी सर्व प्रमुख भारतीय लिप्यांसाठी एकाच तत्त्वावर रचलेली आहे : स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ज्या कळीवर मराठी ‘क’ उमटतो, भाषा बदलली की त्याच कळीवर कन्नड ‘क’ उमटतो. ओव्यांच्या वहीत जागोजागी कन्नड शब्द आले असतील तर आत्याबाईंना नवी मांडणी शिकावी लागणार नाही. ज्यांना रोमन अक्षरांवरून टंकन करावयाचे आहे त्यांच्यासाठी 2019 पासून विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड या दोन्हींचे ध्वन्यनुसारी कीबोर्ड आहेत. देवनागरी अक्षरांचे स्टिकर कळांवर चिकटवता येतात. वापराने अक्षरे पुसट झालेला कीबोर्ड त्यामुळे बाद ठरत नाही. रुतणारी किंवा दोनदा उमटणारी कळ मात्र बाद.

पैसे देण्यापूर्वीची तपासणी दुकानातच करावी. आज्ञा-खिडकीत रोमन अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असे लिहिले की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांचा अहवाल तयार होतो. टेबलाशी, चार्जर लावूनच काम होणार असेल तर निम्मी क्षमताही चालेल. वीज गेल्यावर लिहिलेले जतन करण्यापुरता वेळ मिळाला म्हणजे झाले. परंतु टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते. तसे यंत्र हाती घेऊ नये. दुसरी तपासणी : विक्रेत्याला यंत्र समोर ‘रीसेट’ करून इंटरनेटला जोडण्यास सांगावे. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचे नाव येऊन तेथील खाते मागितले गेले, तर ते यंत्र त्या कंपनीच्या कुलपातून सुटलेले नाही. बायॉसला पासवर्ड नसल्याचीही खात्री करावी. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. बॅटरी किंवा चार्जर बदलणे भाग असेल तर तो खर्च मिळवूनच वीस हजारांशी तुलना करावी.

घरी आणल्यावर रोजच्या कामासाठी आत्याबाईंच्या नावे साधे, प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते उघडावे. पासवर्ड त्यांनीच ठरवावा. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ किंवा ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावयाचा, आणि कोणाच्याही सांगण्यावरून दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर घ्यावयाचे नाही, हे त्यांच्याशी बसून, न दरडावता बोलावे. कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही. पैसे गेलेच तर विलंब न करता 1930 या क्रमांकावर कळवावयाचे असते. तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून टेबलापाशी लावून ठेवावा. ओव्यांची फाइल आठवड्यातून एकदा दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावा. आणि टंकन पुरे झाले तरी मूळ वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत.