फौजेतून खाकीत येणाऱ्या भाच्याला

आक्का म्हणाली, सतरा वर्षं पुरी करून तू नाईक म्हणून फौजेतून बाहेर पडणार आणि सदतिसाव्या वर्षी पोलीस शिपायाच्या भरतीला उभा राहणार. ऐकून बरं वाटलं. आता पारावरची मंडळी तुझं वय काढतील, ते मनावर घेऊ नकोस. खुल्या गटाला 28 आणि मागास प्रवर्गाला 33 ही अट इतर पोरांसाठी. माजी सैनिकाला फौजेत झालेली सेवा आणि वर 3 वर्षं एवढी सूट मिळते, शिवाय 15 टक्के जागा समांतर आरक्षणात असतात. तेव्हा वाट मोकळी आहे. पण खाकीत माझी हयात गेली. फौजेतून आलेले कितीतरी जण माझ्यासोबत काम करून गेले. त्यातले काही ठाण्याचा आधार झाले आणि काही पहिल्या दोन वर्षांत वैतागले. फरक कशानं पडला, तेवढं तुझ्या कानावर घालतो.

मैदानाचं फार सांगत नाही. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळा, मिळून 50 गुण. फौजेत भरती होताना जे 1600 मीटर पळालास, तेच पुन्हा. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलास तर 20 पैकी 20, आणि गुणांच्या त्या तक्त्यात वयाचा रकाना नाही. बावीस वर्षांच्या पोराला जेवढे सेकंद, तेवढेच तुला. डांबरी सडकेवर पळून गुडघे घालवू नकोस, मातीवर पळ. गोळा 7.26 किलोचा असतो आणि तो निव्वळ ताकदीनं जात नाही. तालुक्यात कुणी चांगला क्रीडाशिक्षक असेल तर महिनाभर त्याच्याकडे जा.

लेखीला मात्र आजच बस. 100 गुण, 90 मिनिटं. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. फौजी कच्चा पडतो तो मराठीत. सतरा वर्षं बराकीत हिंदी बोललास, समास आणि प्रयोग कुठले आठवणार? थोरलीची शाळेतली व्याकरणाची पुस्तकं घे आणि तिलाच शिकवायला सांग. तिलाही मजा वाटेल.

प्रशिक्षण केंद्रात, मग ते तुर्चीचं असो, खंडाळ्याचं की नानवीजचं, तुझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा तुला काका म्हणेल. म्हणू दे. कवायत तुला त्याच्यापेक्षा चांगली येते हे उस्तादाला पहिल्याच दिवशी कळतं, ते दाखवत बसू नकोस. 'आमच्या युनिटमध्ये असं नसायचं' हे वाक्य गेटवरच ठेवून आत जा. हे वाक्य तोंडात बसलेला फौजी कुठल्याच ठाण्यात रुळलेला मी पाहिला नाही. त्या पोरांना बूट चमकवायला, बिस्तरा लावायला शिकव आणि त्यांच्याकडून कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकून घे. हा सौदा तुझ्या फायद्याचा आहे.

फायद्याचा का, ते नीट ऐक. बाहेरच्या माणसाला पोलीस म्हटलं की काठी दिसते, पिस्तूल दिसतं. पोलीस ठाणं चालतं कागदावर. स्टेशन डायरी, फिर्याद, पंचनामा, जबाब, मुद्देमालाची पावती, समन्स-वॉरंटची बजावणी, अकस्मात मृत्यूची कागदं, तक्रारी अर्जांची चौकशी. फिर्यादही आता सीसीटीएनएस या प्रणालीत कॉम्प्युटरवर नोंदवतात. फौजी आला की साहेब लोक त्याला सवयीनं गार्डवर, नाहीतर आरोपी पार्टीला, नाहीतर गाडीवर टाकतात. दिसायला रुबाबदार, सांगितलं ते करतो. तोही खूश असतो, कारण ते काम त्याच्या ओळखीचं. अशीच दहा वर्षं निघून जातात. मग गुडघा दुखायला लागतो आणि लिखाणाचं काम मागायला जावं, तर लिहिता येत नाही.

तुझ्याकडे दहा वर्षं फुकट घालवायला नाहीत. 58 ला निवृत्ती, म्हणजे तुला जेमतेम एकवीस वर्षं मिळणार. मुख्यालयातून पोलीस ठाण्यात बदली झाली की पहिल्या महिन्यातच ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या एखाद्या चांगल्या रायटरच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढ. 'दादा, मला लिहायला शिकवा' असं स्पष्ट म्हण. तो तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असला तरी दादा म्हण. रात्रपाळीला ठाणे अंमलदाराच्या मदतीला बसायला मिळालं तर सोडू नकोस, रात्री डायरी वाचायला वेळ मिळतो.

पंचनामा लिहिताना जे दिसलं ते लिही, जे समजलं ते नको. मंगळसूत्र सापडलं तर 'सोन्याचं' लिहायचं नाही, 'पिवळ्या धातूचं' लिहायचं. सोनं आहे की बेन्टेक्स, ते सोनार सांगेल. फरशीवर रक्त दिसलं तर 'रक्तासारखे दिसणारे तांबूस डाग' लिहायचं. रक्त आहे की नाही आणि कुणाचं, ते प्रयोगशाळा सांगेल. चतुःसीमा दिशेप्रमाणे घ्यायची. 'जवळच' हा शब्द लिहायचा नाही, टेप लावून अंतर लिहायचं. सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, पंचांच्या सह्या, लेबलावरच्या सह्या. वेळ ही वकिलाच्या हातातली पहिली विळी असते. तुझा पंचनामा आठ वाजता शिवारात सुरू होतो आणि डायरीत तू आठ वाजता ठाण्यातच दिसतोस, एवढ्यावर चांगली केस ढिली पडते. आता झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे. मोबाइल चार्ज आहे का हे निघण्यापूर्वी बघणं हाही तपासाचाच भाग झाला.

एका बाबतीत तुझं नशीब जोरावर आहे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदेच बदलले. वीस वर्षं खुनाला 302 आणि चोरीला 379 म्हणणाऱ्या आमच्या पिढीच्या हवालदारांना आता 103 आणि 303 पाठ करावं लागतंय. साध्या फिर्यादीचं कलम 154 होतं, ते 173 झालं. म्हणजे नव्या संहितेत तू आणि ठाण्यातला जुना माणूस जवळजवळ एकाच रांगेत उभे आहात. ही संधी उशिरा येणाऱ्याला क्वचित मिळते. पण जुनी कलमंही वरवर पाहून ठेव. त्या तारखेआधी घडलेले गुन्हे जुन्याच भारतीय दंड संहितेखाली चालतात आणि ते खटले अजून बरीच वर्षं कोर्टात राहणार.

साक्षीला जाशील तेव्हा आदल्या दिवशी ठाण्यातून कागद मागून वाच. घटना पाच-सहा वर्षं जुनी असते. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. उत्तर न्यायाधीशांकडे बघून दे, वकिलाकडे बघून नको. वकील चिडवतो तेव्हा तो त्याचं काम करत असतो.

आता साहेबाचं. तुझा उपनिरीक्षक सव्वीस वर्षांचा असेल, एमपीएससी करून नुकताच आलेला, किंवा पोरगी असेल. सॅल्यूट तू मारणार. फौजेत लेफ्टनंटला मारत होतासच की, तेव्हा कधी वय विचारलंस? पण इथे एक गोष्ट निराळी आहे. तिथल्या साहेबाबरोबर तू पलटणीत वर्षं काढलीस, इथला साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातो. गाव, बीट, कुठल्या वस्तीवर कुणाचं ऐकतात, हे त्याला तुझ्यासारख्या माणसाकडूनच कळणार. ते एकांतात सांग, चारचौघांत नको. आणि हुकूम कायद्याबाहेरचा वाटला तर फौजेसारखं 'जी सर' करून मोकळा होऊ नकोस. 'साहेब, डायरीला नोंद घेऊ का?' एवढंच विचार. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

लॉकअप गार्ड लागला की मात्र डोळा लागू देऊ नकोस. आत घेताना कमरेचा पट्टा, करगोटा, पायजम्याची नाडी काढून घ्यायची. आधीची दुखापत असेल तर ती लिहून घ्यायची, वैद्यकीय तपासणी झाल्याची खात्री करायची. कोठडीतल्या माणसानं छातीत दुखतंय म्हटलं तर सोंग आहे की खरं, हे तू ठरवायचं नाही. ते डॉक्टर ठरवतील. तू वेळ लिहून ठाणे अंमलदाराला कळव. कोठडीत माणूस दगावला तर दंडाधिकारी चौकशी करतात आणि त्या रात्री गार्डला कोण होतं, हा पहिला प्रश्न असतो. हात उगारायचा विषयच नाही. बाकीचे काय करतात ते बघू नकोस.

आणि हात न उगारण्याचा हा मुद्दा ठाण्याबाहेरही लागू आहे. फौजेत समोरचा कोण हे ठरलेलं असतं. इथे 112 वर फोन येतो, तू जातोस, आणि ज्यानं मारलं तो आणि जिला मारलं ती, दोघंही आपल्याच गावची निघतात. तिथे तुझं वय कामाला येतं. बावीस वर्षांच्या शिपायाला बघून दारुडा चढतो. चाळिशीच्या माणसानं 'बस बाबा खाली, पाणी पी' म्हटलं तर तो बसतो. दोघांना आधी वेगळ्या खोल्यांत कर. बाईशी बोलताना सासूला बाहेर पाठव. ऐकताना मध्ये बोलू नकोस. अदखलपात्र नोंद झाली तर नुसता एनसीचा कागद हातात देऊन वाटेला लावू नकोस, पुढे कोर्टात काय करता येतं ते दोन वाक्यांत सांग. हद्द आपली नाही म्हणून फिर्यादीला हाकलायची जुनी खोड काही ठाण्यांत अजून आहे. आता गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून मग वर्ग करता येतो आणि फिर्यादीला प्रत फुकट द्यायची असते. काउंटरवरच्या शिपायाला एवढं माहीत असलं तरी एखाद्या म्हातारीचे दोन हेलपाटे वाचतात.

पैशाचं थोडक्यात. तुला फौजेचं पेन्शन चालू राहील आणि वर पगार. पोलिसातलं पेन्शन मात्र जुन्या पद्धतीचं समजू नकोस. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांचं गणित वेगळं आहे, आकडे आस्थापनेतल्या लिपिकाकडे बसून समजून घे. चिरीमिरीपासून लांब राहशील हे मला माहीत आहे, आक्काचा पोरगा तू. पण दुसऱ्याचं पाकीटही नेऊन देऊ नकोस. 'एवढं साहेबांकडे दे' म्हणून कुणी हातात काही ठेवलं तर तिथेच परत कर. लाचलुचपतवाल्यांच्या सापळ्यात नोटांना पावडर लावलेली असते, हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, आणि पैसे कुणासाठी घेतले याचं स्पष्टीकरण देत पुढची वर्षं कोर्टात जातात.

सूनबाईला आत्ताच सगळं सांगून ठेव. तिला वाटत असेल, आता नवरा घरी आला. तिकडे दोन महिने सलग वार्षिक रजा मिळायची आणि तेव्हा तू पूर्ण तिचा असायचास. इथे तू रोज घरी येशील, पण गणपतीत नाही, आषाढीला पंढरपूरला, निवडणुकीत कुठल्यातरी भलत्या जिल्ह्यात. बारा तासांची ड्युटी कागदावरची. विसर्जनाला ती किती लांबते ते तूच बघशील. मुंबईत 2016 मध्ये देवनार ठाण्यातून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तो एका पोलीस शिपायाच्याच डोक्यातून निघाला होता, पण तालुक्याच्या ठाण्यात त्याची वाट बघत बसू नकोस. बंदोबस्ताला जाताना सुके मोजे, शेंगदाणे-गूळ आणि पाण्याची बाटली स्वतःची घे. वडापाववर दिवस काढायचं वय तुझं राहिलं नाही. दर वर्षी साखर आणि रक्तदाब तपास. पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत घरच्यांची नावं वेळेत घाल.

तुझ्या धाकट्या भावाचंही आक्कानं विचारलं होतं. तो फौजेत नव्हता आणि त्याचं वय अटीबाहेर गेलंय, त्याला शिपाई भरती नाही. पण पोलीस पाटलाला 25 ते 45 ची अट आहे, दहावी झालेला आणि गावचाच रहिवासी लागतो. गावची जागा रिकामी झाली की प्रांताकडून जाहीरनामा निघतो, त्यावर लक्ष ठेवायला सांग. नाहीतर होमगार्ड आहे, तिथे पन्नाशीपर्यंत घेतात, पण ती मानधनावरची सेवा. शेती सांभाळून करायची.

शेवटचं काम या सुट्टीतच उरक. फौजेच्या कागदावर तुझं नाव आडनावाशिवाय आहे आणि आधारवर आडनावासकट, असं आक्का मागे म्हणाली होती. दहावीच्या दाखल्यावर आणखी काही निराळं असेल. निवृत्तीनंतर डिस्चार्ज बुकात दुरुस्ती करून घ्यायला रेकॉर्ड ऑफिसचे कागद महिनोन् महिने फिरतात, तेव्हा फौजेत असतानाच अर्ज टाक. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी कर, जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयरची मुदत बघ. सगळ्याच्या साक्षांकित प्रती काढून एक संच माझ्याकडे आणून दे.