आपलं म्हातारपण, आपली पेन्शन

तायांनो, मावश्यांनो, गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ता, व्याज यावर तासभर बोलतो. म्हातारपणाचा विषय मात्र "पुढचं पुढे पाहू" म्हणून राहून जातो. सरकारी नोकरीत निवृत्तीचं वय ठरलेलं असतं. वावरात निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला असं वय नाही. हातपाय थांबले की मजुरी थांबते. म्हणून या महिन्याचा पाठ पेन्शनचा.

लाडकी बहीण म्हणजे पेन्शन नाही

जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण ही योजना २१ ते ६५ वयाच्या महिलांसाठी आहे. म्हणजे काम होणं बंद होतं त्याच वयात हे पैसेही बंद होतात.

"मग श्रावणबाळ चालू होईल ना," असं बऱ्याच जणी म्हणतात. ते आपोआप होत नाही. त्याचा अर्ज वेगळा आणि अटही वेगळी. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत चालतं. श्रावणबाळसाठी ते २१,००० रुपयांच्या आत लागतं, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. आज लाडकी बहीणचा लाभ घेणाऱ्या कितीतरी जणी उद्या या अटीत बसणार नाहीत. म्हणून स्वतःच्या नावाची सोय आजच करायची.

वय १८ ते ४० असेल तर

अटल पेन्शन योजना २०१५ मध्ये सुरू झाली. खातं बँकेत किंवा पोस्टात निघतं. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो आणि ६० वर्षांनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपये पेन्शन मिळते. आपण गेलो तर तीच पेन्शन नवऱ्याला मिळते. दोघंही गेल्यावर जमा रक्कम वारसाला मिळते. आयकर भरणाऱ्यांना मात्र यात नवीन खातं काढता येत नाही.

१,००० रुपये पेन्शनचा हिशेब असा:

– वय २० : महिना ५० रुपये, एकूण भरणा २४,०००
– वय ३० : महिना ११६ रुपये, एकूण भरणा ४१,७६०
– वय ४० : महिना २९१ रुपये, एकूण भरणा ६९,८४०

पेन्शन तिघींना सारखीच. उशीर केला की जवळपास तिप्पट भरावं लागतं. पण तीस वर्षांनी हजार रुपयांत काय येईल, याचाही विचार करा. झेपत असेल तर मोठी पेन्शन निवडा. तिशीतल्या ताईला ५,००० च्या पेन्शनसाठी महिन्याला ५७७ रुपये लागतात. लाडकी बहीणचे पैसे येतात तोवर त्यातूनच हा हप्ता निघू शकतो.

दोन गोष्टी सांभाळा. हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे ठेवा, नाहीतर दंड लागतो. आणि ६० च्या आधी खातं मोडू नका. मोडलं तर आपला भरणा आणि त्यावरचं व्याज तेवढं मिळतं, तेही खर्च वजा करून. पेन्शन जाते.

वय ४० च्या पुढे असेल तर

अटल पेन्शनचं दार बंद झालं, पण बचतीचं नाही. पोस्टात महिना १०० रुपयांपासून पाच वर्षांचं आवर्ती ठेव खातं निघतं. गटाची बचत अडीनडीला आणि कर्जाला लागते. म्हातारपणाची बचत त्यापासून वेगळी ठेवा. लग्नाला, बियाण्याला तिला हात लावायचा नाही.

गटात कोणी निराधार विधवा किंवा परित्यक्ता असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असेल, तर तिला ६५ ची वाट पाहायची गरज नाही. तिच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे.

वय ६५ च्या जवळ असेल तर

श्रावणबाळचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

आधारवरची जन्मतारीख आजच पाहा. कागद नसला की तिथे अंदाजे वय लिहिलं जातं. खरं वय ६५ आणि आधारवर ५८ असेल, तर सात वर्षांची पेन्शन जाते. महिना १,५०० च्या हिशेबानं ते १,२६,००० रुपये होतात. शाळेचा दाखला किंवा जन्माचा दुसरा पुरावा असेल तर आधार केंद्रावर दुरुस्ती करून घ्या.

पुढच्या बैठकीचं काम

प्रत्येकीनं आधार आणि बँक पासबुक आणायचं. सचिव ताईंनी वहीत तीन रकाने पाडायचे: ४० च्या आतल्या, ४० ते ६५ च्या आणि ६५ च्या पुढच्या. प्रत्येक नावापुढे काय झालं आणि काय राहिलं ते लिहायचं. कर्जाचा हप्ता आपण एकमेकींच्या पाठी लागून भरतो ना? मग पेन्शनचाही तसाच भरू.