खाड्यांचा हिशेब

मी बारा वर्षं कबड्डी खेळलो. सुरुवातीची पाच गावच्या आणि जिल्ह्याच्या संघातून, पुढची मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून, करारावर. जागा एकच, डावा कोपरा. गाव आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचं. आता सकाळ-संध्याकाळ गावातल्या पोरांना शिकवतो. त्यांच्यातला कोणी ना कोणी दर महिन्याला विचारतोच, "भाऊ, कबड्डीत पोट भरतं का?" त्यांना मैदानाच्या कडेला बसून तुकड्या-तुकड्यांत जे सांगत आलो, ते इथे एका जागी लिहितोय.

१. खाडा कोणाच्या नावावर पडतो, ते आधी बघा.

मी सतरा वर्षांचा असताना पहिल्यांदा जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेलो. फेब्रुवारी संपत आला होता, म्हणजे आमच्याकडे हळदीची धांदल. काढणी, शिजवणी, वाळवण, सगळं एकावर एक येतं. बाबा आणि मी एका टोळीत शिजवणीच्या गुत्त्यावर होतो. कुकर भरायला आणि शिजलेली हळद पसरायला जोडीने लागतं. मी तीन दिवस गेलो, तर मुकादमाने माझे तीन खाडे लिहिले आणि जोडीदार नाही म्हणून बाबांचेही तीन. हे मला दोन वर्षांनी, तेही मायकडून कळलं. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "निवड झाली ना? मग झालं."

पुढे मुंबईत एका फिजिओने मला रग्बी लीगची गोष्ट सांगितली. उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांचे आणि कोळशाच्या खाणींचे कामगार शनिवारी रग्बी खेळायचे आणि त्यापायी त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं म्हणणं होतं. खेळ हौसेचा आहे, पैसे घेतले तर बाटेल, असं वरच्या मंडळींनी ठरवलं. तेव्हा १८९५च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक झाली, क्लब फुटून बाहेर पडले आणि वेगळा खेळ उभा राहिला. तेरा खेळाडूंचा, सहा पकडींनंतर चेंडू सोडून द्यावा लागणारा आजचा रग्बी लीग हा त्याच भांडणातून आला. म्हणजे एका अख्ख्या खेळाचं मूळ खाड्यात आहे. हे ऐकलं त्या रात्री मी बाबांना फोन केला. बोललो मात्र पावसाबद्दल.

२. डोळे घोट्यावर ठेवा.

समोरचा चढाईपटू हात नाचवतो, खांदे हलवतो, डोळ्यांनी भलतीकडे बघतो. हे सगळं फसवण्यासाठी असतं. पाय मात्र फसवू शकत नाहीत, कारण वजन त्यांच्यावर असतं. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तेव्हाच बोनस मिळतो. त्यासाठी त्याला एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवावा लागतो आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ सगळं शरीर एका घोट्यावर उभं असतं. कोपरारक्षकाचं सगळं आयुष्य त्या वेळात आहे. आधी झेपावलात तर तो पाय काढून घेतो आणि जाता जाता तुम्हालाच शिवतो. उशीर केलात तर तो परत मध्यरेषेकडे वळलेला असतो.

घोटा दोन्ही हातांनी धरायचा, बोटं एकमेकांत न अडकवता. मी पहिली तीन वर्षं अडकवायचो. माझी उजवी करंगळी आजही सरळ होत नाही. धरल्यावर ओढायचं नाही, उचलायचं. तेवढ्यात मध्यरक्षक येऊन कंबर धरतो. तो येणारच, हा भरवसा नसेल तर घोटा पकड करूच नये. मी ज्या संघांत चांगला खेळलो, त्या सगळ्यांत माझ्या शेजारचा गडी चांगला होता.

३. माती सोडताना वेळ घ्या.

आमची जमीन काळी, कापसाची. पावसात पायाला लोंदे धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मैदान होत नाही. आम्ही मुरूम आणून टाकायचो, वर चाळलेली माती, मग पाणी मारून रोलर. त्यावर अनवाणी खेळलो. मातीवर पाय थोडा सरकतो आणि त्या सरकण्यावरच आमचं वळणं, थांबणं बेतलेलं असतं. मुंबईत मॅटवर बूट घालून उतरलो, तर पाय जिथे टेकेल तिथेच चिकटू लागला. शरीर वळायचं आणि गुडघा मागे राहायचा. निदान चार-सहा महिने मॅटवर फक्त थांबायला आणि वळायला शिकलं पाहिजे. मला तेवढा धीर नव्हता. संघात जागा टिकवायची होती.

४. वजनासाठी पाणी तोडू नका.

पुरुष गटात ८५ किलोची मर्यादा आहे, लहान गटांत त्याहून कमी. काट्यावर उभं राहायच्या आधी दोन दिवस पाणी बंद करून, अंगात स्वेटर घालून पळणारी पोरं मी पाहिली आहेत, मीही पळालो आहे. पोटऱ्यांत गोळे येतात, सामन्यात डोळ्यांपुढे अंधारी येते. वजन महिनाभर आधीपासून बघा. बाकी यात सांगण्यासारखं काही नाही.

५. करार घरी नेऊन वाचा.

माझा डावा गुडघा सहाव्या हंगामात गेला. सरावात, मॅटवर, कोणी हातही लावलेला नसताना. आतून बारीक फांदी मोडल्यासारखा आवाज आला आणि मला कळलं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, तुटला होता. ऑपरेशन आणि त्यानंतर परत धावायला, वळायला, झेपावायला नऊ महिने तरी लागतात. करारात दर महिन्याचं मानधन होतं, मी ते बघून सही केली होती. 'खेळण्यास सक्षम असेल तोपर्यंत' हे शब्द तिसऱ्या पानावर होते. मानधन थांबलं. ऑपरेशनचा काही खर्च मिळाला, व्यायामोपचाराचा मिळाला नाही. बाबांनी एक बैलजोडी विकली.

मी आता पोरांना पाच प्रश्न पाठ करून घ्यायला लावतो. दुखापत झाली तर मानधन किती महिने चालू राहील? ऑपरेशनचा आणि त्यानंतरच्या उपचारांचा खर्च कोण करील? विमा कोणाच्या नावाने आहे आणि त्याचा कागद माझ्याकडे येईल का? दुसऱ्या स्पर्धेत खेळायची परवानगी आहे का? करार मध्येच मोडला तर किती दिवस आधी सांगाल? विचारायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. अठराव्या वर्षी समोर साहेब बसलेला असतो आणि आपल्याला वाटतं, विचारलं तर घेणार नाहीत. तरी विचारा.

६. लिलावाचा आकडा बघताना जागाही मोजा.

२६ जुलै २०१४ला मुंबईत यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी सुरू झाली. बाळापुरात एका हॉटेलात आम्ही चाळीस-पन्नास जण टीव्हीसमोर उभे होतो. त्या दिवशी जो आनंद झाला, तो मी आजही विसरलो नाही. आमचा खेळ दिव्यांच्या उजेडात, रंगीत मॅटवर, आणि खेळाडूंची नावं पाठीवर. पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग खेळाडू राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०१८च्या जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं आणि त्याच वर्षीच्या लिलावात रिशांकवर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. पुढच्या वर्षी कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांवर गेला. दहाव्या हंगामात पवन सेहरावत अडीच कोटींच्या पुढे.

हे आकडे खरे आहेत आणि ही माणसं त्या किमतीची आहेत. आता दुसरा हिशेब करा. संघ बारा. एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे सगळ्या देशात तीनशे जागा, त्यातही काही परदेशी खेळाडूंच्या. हरियाणातल्या गावागावांत कबड्डी आहे, आपल्याकडे कोकणापासून कोल्हापूरपर्यंत आहे. माझं नाव एकदा लिलावाच्या यादीत होतं. बोली लागली नाही. त्या रात्री मला वाटलं की मी खेळाडूच नव्हतो. ते चुकीचं होतं, हे समजायला तीन वर्षं गेली. डाव्या कोपऱ्यात मी धरलेले घोटे खरे होते.

७. कागद जपा, नीट तपासून जपा.

सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. आमच्या भागातल्या पोरांना पोलीस भरती जवळची वाटते, हिंगोलीलाच राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. पण प्रमाणपत्राची पडताळणी होते, विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात. तिथे चषक कोणी विचारत नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, त्या गटात तुमचं नाव संघाच्या यादीत आहे का, सही कोणाची आहे, हे बघतात. माझ्याकडे सतरा प्रमाणपत्रं होती. त्यातली बहुतेक यात्रेतल्या आणि गणपतीतल्या स्पर्धांची, मानाची पण तिथे बिनकामाची. जे एक उपयोगी पडलं असतं, त्यावर जन्मतारीख चुकीची होती आणि ती दुरुस्त करून घेईपर्यंत माझी वयोमर्यादा उलटली. म्हणून स्पर्धा संपली की बस सुटायच्या आधी प्रमाणपत्र वाचायचं. नाव, तारीख, गट, सही, शिक्का. मी पोरांना तिथेच उभं करून वाचायला लावतो.

८. बक्षिसातून आधी खाडे काढा.

आमच्या संघाची एक वही आहे. स्पर्धेला जाताना कोणाच्या घरचे किती खाडे पडले, ते त्यात लिहितो. पोराचा, आणि त्याच्यामुळे बापाचा किंवा आईचा पडला असेल तर तोही. बक्षिसाची रक्कम आली की आधी ही वही उघडतो. खाड्यांचे पैसे ज्याच्या त्याच्या घरी जातात, उरेल त्यातून बूट, पट्ट्या, प्रवास. कधी काहीच उरत नाही. कधी बक्षीसच येत नाही, तेव्हा ते खाडे पुढच्या पानावर ओढून घेतो. दोन-तीन पालक आधी रागावले होते, आम्ही काय मजुरी मागायला आलो का, म्हणून. पण पैसे घेतले.

यंदा हळदीच्याच दिवसांत कळमनुरीला सामने होते. आमच्या उजव्या कोपऱ्यावरच्या पोराचा बाप शिजवणीच्या टोळीत आहे. आदल्या संध्याकाळी तो मैदानावर आला, हात पिवळे, आणि वही मागितली. मला वाटलं, नाव लिहायला आला असेल. त्याने पोराच्या नावापुढचा खाडा बघितला, स्वतःच्या नावापुढची रिकामी जागा बघितली आणि म्हणाला, "माझा उद्याचा लिहू नका. मी माझ्यासाठी रजा घेतली. पोराला खेळताना बघायचं आहे."