जुन्या पिकअप गाडीचा मागील आंस : परीक्षा व दुरुस्ती

बैलगाडीच्या आंसास वंगण नसलें म्हणजे तो करकरतो, आणि गाडीवान खालीं उतरून त्याचा समाचार घेतो. मोटारीच्या मागील आंसाची, ज्यास कारखान्यांत ॲक्सल म्हणतात त्याची, स्थिति निराळी आहे. तो बंद पेटीच्या पोटांत फिरत असतो. त्याचें दुखणें पुष्कळ दिवस ऐकूं येत नाहीं, व ऐकूं येऊं लागतें तेव्हां बहुधा आंतील दांते झिजून गेलेले असतात. जुन्या पिकअपसाठीं नवा आंस मिळणें कठीण, आणि मिळालाच तर त्याची किंमत गाडीच्या मानानें जड जाते. म्हणून शेतकरी शहरांतील जुन्या सामानाच्या बाजारांतून वापरलेला आंस आणितो. हा मार्ग वाईट नाहीं. मात्र तो न उघडतां तसाच गाडीखालीं बसविणें म्हणजे दुसऱ्याचें दुखणें विकत घेणें होय. कोणता भाग वांचवावा, कोणता बदलावा आणि कोणता आंस मुळींच घेऊं नये, हें ठरविण्याची रीत येथें दिली आहे.

रचना :— एंजिनाचें बळ लांब फिरत्या दांड्यानें मागें येतें व पिनियन नांवाच्या लहान दंतचक्रास फिरवितें. पिनियन मोठ्या क्राउन चाकास फिरवितें, आणि तेथून डिफरन्शियलच्या द्वारें तें बळ दोन्ही बाजूंच्या शाफ्टांस मिळतें. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां अधिक फिरावें लागतें. ती सोय डिफरन्शियल करितें. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. कांहीं आंसांत गाडीचा भार पेटीच्या नळीवर असतो व शाफ्ट केवळ चाक फिरवितो. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज एम. बी. जीपचा मागील आंस असा होता. इतर पुष्कळ हलक्या गाड्यांत शाफ्ट भारही वाहतो. पहिल्या प्रकारांत शाफ्ट मोडला तर चाकाचें बळ जातें, परंतु चाक जागेवर राहतें. दुसऱ्यांत तो बेअरिंगच्या बाहेर मोडला तर चाकच निखळून जातें. कांद्यानें भरलेली गाडी घाट उतरत असतां असें झालें तर काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून शाफ्टच्या बाबतींत काटकसरीस जागा नाहीं.

घेण्यापूर्वींची परीक्षा :— प्रथम दांत्यांचें प्रमाण पाहावें. क्राउनच्या दांत्यांच्या संख्येस पिनियनच्या दांत्यांच्या संख्येनें भागिलें म्हणजे तें निघतें. एम. बी. जीपमध्यें ३९ व ८ दांते, म्हणजे प्रमाण ४.८८, पुढील नागरी सीजे-थ्री-बी जीपमध्यें ४३ व ८, म्हणजे ५.३८. आंस न उघडतां हें मोजावयाचें तर एक चाक घट्ट धरून दुसरें बरोबर दोन वेळां फिरवावें. तितक्यांत पिनियन जितके वेढे घेईल तेंच प्रमाण. चारही चाकांस बळ देणाऱ्या गाडींत पुढचें व मागचें प्रमाण एकच असलें पाहिजे. नाहीं तर दोन्ही आंस एकमेकांशीं झगडतात आणि मधल्या गिअरपेटीवर भलताच ताण पडतो.

नंतर दोन्ही टोकांस सरळ रिमें चढवून त्यांच्या कडांमधील अंतर वर, खालीं, पुढें व मागें मोजावें. अतिभारानें नळी वाकली असेल तर वरचें अंतर खालच्यापेक्षां कमी भरतें. वाकलेली किंवा चिरलेली पेटी घेऊं नये. शेवटीं तेल पाहावें. दुधासारखें पांढुरकें तेल ही पाणी शिरल्याची, आणि तेलांतील लोखंडाचे कपचे ही दांते फुटल्याची खूण होय. बुचाच्या लोहचुंबकावर बारीक करडा लगदा असणें मात्र स्वाभाविक आहे. तेल अगोदरच काढून टाकलेलें असेल तर पेटी उघडून दाखविण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याची पावती अवश्य घ्यावी.

उघडणें व धुणें :— पेटी रॉकेलनें किंवा डिझेलनें धुवावी. पेट्रोल वापरूं नये, व जवळ विस्तव नसावा. ब्रेकचा भुगा फुंकून उडवूं नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यानें कर्करोग होऊं शकतो. म्हणून भुगा ओल्या फडक्यानें पुसावा. डिफरन्शियल धरून ठेवणाऱ्या दोन टोप्या काढण्यापूर्वीं त्यांवर डावी व उजवी अशी खूण ठोकावी, कारण त्यांची अदलाबदल झाली तर बेअरिंग नीट बसत नाहीं. शिम म्हणून ज्या पातळ चकत्या निघतात त्या कोठल्या व किती जाडीच्या, हें कागदावर लिहून ठेवावें.

दांत्यांची जोडी :— क्राउन व पिनियन कारखान्यांत एकमेकांशीं जुळवून जोडीनेंच तयार होतात. म्हणून एक जुनें व एक नवें असें कधींही करूं नये. दांत्यांवर सारखी गुळगुळीत झिलई असल्यास जोडी ठेवावी. खड्डे, तुटकी कड किंवा जळका निळसर रंग दिसल्यास जोडीच बदलावी. बसवितांना दांत्यांमधील मोकळीक डायल गेजनें मोजावी. या आकाराच्या जोडींत ती बहुधा ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते, तरी त्या गाडीच्या पुस्तकांतील आंकडाच प्रमाण मानावा. मग दांत्यांवर खुणेचा रंग लावून चाक फिरवावें. पूर्वीं यासाठीं तेलांत कालविलेला शेंदूर वापरीत; परंतु शेंदूर हें शिशाचें विषारी संयुग असल्यामुळें आतां तयार पिवळा रंग बरा. ठसा दांत्याच्या मध्यभागीं उमटला पाहिजे. तो शेंड्याकडे गेला तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, बुंध्याकडे गेला तर फार जवळ आहे असें समजून शिम बदलावे. ज्याच्याजवळ डायल गेज नाहीं त्यानें हें एक काम जाणत्या मेस्त्रीकडे न्यावें. हातानें हलवून ‘ठीक वाटतें’ म्हणणें हें माप नव्हे.

शाफ्ट, बेअरिंग व सील :— शाफ्टच्या टोकाच्या खांचा पिळवटल्या असतील तर तो टाकून द्यावा. न दिसणारी चीर शोधण्याची रीत सोपी आहे. शाफ्ट रॉकेलनें भिजवून ठेवावा, मग कोरडा पुसून त्यावर खडूचा पातळ हात द्यावा; चीर असेल तर आंत मुरलेलें रॉकेल खडूवर रेघ उमटवितें. एवढ्यानें अति सूक्ष्म चीर सांपडेलच असें नाहीं; म्हणून शंका राहिल्यास शाफ्ट नवाच घ्यावा. चिरलेला शाफ्ट वेल्डिंग करून वापरूं नये. त्या उष्णतेनें पोलादास दिलेलें पाणी उतरतें. जें बेअरिंग फिरवितांना खरखरतें किंवा ज्यावर खड्डे दिसतात तें वाटीसकट बदलावें. सीलें मात्र नेहमीं नवीं घालावीं. त्यांची किंमत थोडी असते, परंतु तीं गळलीं कीं तेल ब्रेकच्या अस्तरावर जातें व ब्रेक धरीत नाहीं. तेल प्यालेलें अस्तर धुऊन वापरूं नये, आणि बदलावयाचें तें दोन्ही चाकांचें एकदम. नाहीं तर ब्रेक दाबतांच गाडी एका अंगास ओढते. पेटीवरील हवेचें छिद्र, ज्यास ब्रीदर म्हणतात, तें मोकळें करावें. तें बुजलें असतां आंतील तापलेली हवा सीलांतून तेल बाहेर ढकलते.

बसविणें व तेल :— काम करितांना पुढच्या चाकांस दगडाची उटी लावावी व गाडी भक्कम घोड्यांवर टेकावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये. पाट्यांचे यू-बोल्ट नवे वापरावे. पिनियनचे दांते क्राउनच्या दांत्यांवर नुसते लोळत नाहींत, तर घसरतही असतात. तेथील दाब एंजिनाचें तेल सोसूं शकत नाहीं. यासाठीं जीएल-५ दर्जाचें ९० किंवा ८०डब्ल्यू-९० गिअर तेल भरण्याच्या छिद्राच्या कडेपर्यंत घालावें. तेंच तेल गिअरपेटींत घालण्यापूर्वीं तिचें पुस्तक पाहावें, कारण कांहीं पेट्यांतील पितळी भागांस तें मानवत नाहीं.

पहिली फेरी रिकाम्या गाडीची, सुमारें २० किलोमीटरांची असावी. थांबून आंस व चाकांचे तुंबे हातानें चांचपावे. एखादें ठिकाण हात ठेववत नाहीं इतकें तापलें असेल तर तें पुन्हा उघडावें. यू-बोल्टही आवळून पाहावे. पहिले कांहीं दिवस पुरा भार घालूं नये, व सुमारें ८०० किलोमीटरांनंतर तेल बदलावें. पावसाळ्यांत तापलेला आंस ओढ्याच्या थंड पाण्यांत उतरला कीं आंतील हवा आंखडून पाणी ओढून घेते. अशा प्रवासानंतर बूच काढून तेल अवश्य पाहावें.

हें सर्व सुगीच्या पूर्वीं, हातीं सवड असतां करावें. माल शेतांत पडला असतां घाईनें बसविलेला आंस बहुधा न तपासतांच बसविला जातो, आणि त्याची परीक्षा मग भरल्या गाडीनें रस्त्यावर होते.